आपल्याच माणसाला गोळी

ऑफिसात सगळे तिला जज्जबाई म्हणत, अगदी तोंडावर. कंपनी ऑनलाइन गोळीबाराचा खेळ चालवायची. चार-चार जणांच्या टोळ्या एकमेकींवर तुटून पडत आणि त्या धांदलीत कुणाची तरी गोळी आपल्याच साथीदाराला लागे. याला खेळातली मंडळी फ्रेंडली फायर म्हणत. अशा गोळीची शिक्षा योग्य झाली की नाही, एवढंच जज्जबाई पाही. स्वतः तिने एकही सामना कधी खेळला नव्हता. तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तो म्हणायचा, आमची ही दिवसभर मुडदे तपासते आणि घरी झुरळ दिसलं की मला हाका मारते.

याआधी तिने बरीच वर्षं मोटारींच्या विम्याच्या कचेरीत काढली होती. चेपलेली दारं आणि फुटलेले दिवे पाहून चूक कुणाची ते ठरवायचं. तिथलीच एक सवय तिने इथे आणली. आधी ठोकर खाल्लेली गाडी पाहायची, मग ठोकर देणारी. त्यामुळे सामन्याचं रेकॉर्डिंग ती आवाज बंद करून आधी मेलेल्याच्या नजरेतून पाही, मग मारणाऱ्याच्या. शेजारच्या टेबलांवरची तरुण मंडळी नेमकं उलट करत आणि तिच्या आधी घरी जात.

शिक्षा देण्याचं काम मात्र यंत्राचं होतं. साथीदाराला पहिल्यांदा मारलं की पुढच्या सामन्यात तुमची गोळी उलटून तुम्हालाच लागे. पुन्हा मारलं की काही दिवस बाहेर. तरी सुधारला नाहीत, तर दार कायमचं बंद. यंत्र फक्त गोळ्या मोजायचं, त्यांच्यामागचं मन त्याला दिसत नसे. दार बंद झालेला माणूस दाद मागायला आला, की प्रकरण जज्जबाईच्या टेबलावर येई.

असंच एकदा पेंटरकाकांचं प्रकरण आलं. काका म्हणजे इमारतींना रंग देणारे एक निवृत्त कारागीर. एकाच कंत्राटदाराकडे काका धरून चौघांनी जन्मभर रंगकाम केलं, आणि म्हातारपणी जो तो आपापल्या मुलांकडे वेगवेगळ्या शहरांत जाऊन पडला. चौघं भेटायचे ते याच खेळात, संध्याकाळी. काकांचा उजवा हात आजारामुळे थरथरायचा. शत्रूवर धरलेली बंदूक भलतीकडे जायची आणि जवळचाच कुणीतरी आडवा व्हायचा. यंत्राने मोजलं आणि काकांना कायमचं बाहेर काढलं. काकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. हात माझं ऐकत नाही. पण ही तिघं भेटायची दुसरी जागा मला नाही.

जज्जबाईने रेकॉर्डिंग लावलं. मेलेल्याच्या नजरेतून पाहताना तिला एक गंमत दिसली. काका बंदूक उचलणार असं दिसलं, की बाकीचे तिघं पटकन खाली बसायचे. कुणी सांगत नव्हतं, खूण नव्हती. काकांचा बार झाला की तिघं उठायचे आणि पुढे चालू लागायचे. मरायचा तो त्यांच्यातला ‘जाड्या’ या नावाने खेळणारा, कारण तो दर वेळी घाई करून आधी उठायचा.

हे काही नियमात बसत नव्हतं, तरी तिने त्या जाड्याला फोन केला. तुमची तक्रार आहे का, असं सरळ विचारलं.

“तक्रार कसली?” तो म्हणाला. “अहो बाई, जन्मभर ह्याच्या शिडीखाली उभा राहिलोय मी. डोक्यावर रंग सांडला म्हणून कधी भांडलो नाही, ते आता भांडू? उलट मेलो की बरं असतं, जरा पाय पसरता येतात.”

ती साहेबांकडे गेली. साहेब वयाने तिच्या मुलासारखे, पण डोकं थंड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काकांचं वाईट मलाही वाटतं, पण आजाराची सवलत दिली तर उद्या सगळ्यांचेच हात थरथरायला लागतील. यात खोटं काही नव्हतं. मुद्दाम साथीदारांना मारून वर साळसूदपणे माफी मागणारे तिने ढिगाने पाहिले होते. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून स्वतःच त्याच्या बंदुकीपुढे जाऊन उभे राहणारेही पाहिले होते.

ती जागेवर येऊन बराच वेळ विचार करत बसली. मग परत जाऊन म्हणाली, हाताला सवलत नकोच. ज्याला गोळी लागली त्याला विचारू या. मेल्या मेल्या नको, तेव्हा माणूस भडकलेला असतो. सामना संपल्यावर शांतपणे विचारायचं, हे मुद्दाम होतं का? तो नाही म्हणाला तर ती गोळी मोजायची नाही. हो म्हणाला तर रेकॉर्डिंग पाहून ठरवायचं. आणि त्याने काय उत्तर दिलं ते मारणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे दमदाटी नको.

साहेबांनी शंका काढल्या, तिने जमतील तशी उत्तरं दिली. पण शेवटी नियम बदलला. काकांच्या जुन्या शिक्षा पुसल्या गेल्या आणि ते परत खेळू लागले. जज्जबाई कधीमधी त्यांचा सामना उगीच लावून पाही. तिघं खाली बसत, बार होई, तिघं उठत.

पुढे जाड्या गेला. झोपेतच गेला म्हणे. उरलेले तिघं काही दिवसांनी पुन्हा खेळायला आले, तेव्हा यंत्राने चौथी जागा रिकामी पाहून कुणी अनोळखी आणून बसवला. ही जागा नुकत्याच गेलेल्या सोबत्याची, एवढं त्याला सांगितलं गेलं, पण खाली बसायचं त्याला माहीत नव्हतं. काकांची बंदूक हलताना पाहून तो खिदळला. म्हणाला, म्हातारबुवा, बंदूक धरलीय की पाळणा हलवताय? तुमच्यापेक्षा तुमचा तो मेलेला बरा. थोड्या वेळाने काकांची गोळी त्याला लागली. सामना संपल्यावर त्याला विचारलं गेलं, मुद्दाम होतं का? त्याने हो म्हटलं.

ऑफिसात काका आता सगळ्यांनाच ठाऊक होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, त्या टवाळाला चांगली अद्दल घडली. साहेबसुद्धा जाता जाता म्हणाले, ताई, हात थरथरतो हे आपल्याला माहीत आहे, द्या सोडून.

तिलाही सोडूनच द्यायचं होतं. तिने सवयीप्रमाणे आधी मेलेल्याच्या नजरेतून पाहिलं. समोर कुणी शत्रू नव्हता. काका वळले. बंदुकीचं तोंड नेहमीसारखं डगमगत वर आलं, आणि मग थांबलं. अगदी स्थिर झालं. त्यानंतर बार झाला. तिने ते पुन्हा पाहिलं, मग काकांच्या नजरेतून पाहिलं. कुठून पाहिलं तरी तेच दिसत होतं.

टवाळाला त्याच्या बोलण्याची शिक्षा वेगळी दिली, ती नियमातच होती. काकांनाही मुद्दाम मारणाऱ्याला जेवढे दिवस बाहेर ठेवतात तेवढेच दिवस तिने दिले. एक दिवस कमी करावा असं फार मनात आलं. पण कमी केला असता तर पहिला न्याय न्याय राहिला नसता, दया ठरली असती.

निकाल कळवायला तिने स्वतः फोन केला. जाड्याबद्दल चार शब्द बोलली, मग किती दिवस बाहेर राहावं लागेल ते सांगितलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मागच्या वेळी मी जगाला ओरडून सांगत होतो की हात माझं ऐकत नाही. या वेळी ऐकलं, बाई. त्याचंच वाईट वाटतंय.”

काळजी घ्या, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि निकालावर आपलं नाव टाकलं.

शिक्षेचे दिवस संपेपर्यंत उरलेले दोघंही खेळायला आले नाहीत. त्यांना कुणी बाहेर काढलं नव्हतं.