उद्गारचिन्हांची रांग

वाशी तालुक्याच्या आमच्या बाजार समितीत इंटरनेटचा राउटर दुरुस्त करायला येणारा तो गडी कुस्तीच्या फडात ओरडावं तसा बोलतो. बटण दाबलं की लॅपटॉपच्या पडद्यावर नजर रोवून सुरू होतो, "उठलं! आता अंग चाचपतंय. आता आपली सिस्टीम हुडकतंय. घावली! घेतली मेमरीत!" तोवर बटणाला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. आणि आम्ही तर मिनिटभरात दिवे हिरवे झाले नाहीत, की बंद-चालू करणारी माणसं!

परवा ऐन सोयाबीनच्या ऑनलाइन लिलावात राउटर बंद पडला. बाहेर माल उतरलेला, शेतकरी खोळंबलेले. त्यानं बटण दाबलं, पण "घावली!" काही आलं नाही.

"आत सिस्टीमच न्हाय हो. पुसली गेलीय."

मग आपल्या लॅपटॉपमधली सिस्टीम त्यानं वायरीतून आत सोडली. एकेक तुकडा पोचला की पडद्यावर एक उद्गारचिन्ह उमटत होतं. मध्येच रांग थांबली. एका आडत्यानं वैतागून बटणाकडं हात नेला. आमच्या गड्यानं तो वरच्यावर धरला.

"शेठ, दम धरा! आता बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासनं."

रांग हलली! पडदा भरत गेला. राउटर पुन्हा उठला, अंग चाचपलं, आणि "घावली!" ही आरोळी या खेपेला आडत्यानंच ठोकली. दिवे हिरवे झाले, आम्ही टाळ्या पिटल्या.

गडी हसून म्हणाला, "शेठ, म्या तुमचा कवाच सोडलाय. आता तुमी सोडा की माझा हात."