रोकडे सिस्टरच्या मोकळ्या जागा

रोकडे सिस्टर कामाला बसल्या की आधी चपला काढायच्या, मग कानाला हेडफोन लावायच्या आणि मग डोळे मिटायच्या. अमेरिकेतला कुणी डॉक्टर त्यांच्या कानात बोलायला लागला की त्यांचा उजवा हात त्यांच्याच अंगावरून फिरू लागे. डॉक्टर पित्ताशयावर आला की हात उजव्या बरगडीखाली. डॉक्टर गुडघ्यात शिरला की हात गुडघ्यावर. पहिल्या दिवशी मी हे बघितलं आणि बाईंच्या पोटात मुरडा आलाय अशी माझी पक्की खात्री झाली. धावत जाऊन खालच्या टपरीवरून सोडा आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी एक कान मोकळा केला. "हे कुनाला रं?"

"तुम्हाला. पोट दुखतंय ना?"

"माजं कशाला दुखंल? हे तिकडच्या म्हातारीचं दुखतंय." सोड्याच्या बाटलीकडं त्यांनी जरा वेळ बघितलं. "आनलाच हायेस तर ठिव. म्हातारीच्या नावानं मी पिते."

ही मंचरची गोष्ट, दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. हायवेला लागून कांद्याची एक वखार होती आणि तिच्या माडीवर निघोट सरांनी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं केंद्र काढलं होतं. काम ऐकायला सोपं. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासून झाले की काय काय आढळलं ते बोलून ठेवायचे, ते आमच्याकडं सकाळी कॉम्प्युटरवर उतरायचं आणि आम्ही ते ऐकून इंग्रजीत टाइप करायचो. पायाखाली शिलाई मशीनसारखा एक पॅडल असायचा. दाबला की डॉक्टर बोलतो, सोडला की गप्प. आयुष्यात एवढा अधिकार मला डॉक्टरवरच काय, कुणावरच मिळाला नव्हता. मी बी.एस्सी., प्राणिशास्त्र, दुसऱ्या खेपेला पास. बेडकाची आतडी मला तोंडपाठ होती. एवढ्या भांडवलावर सरांनी मला माणसांवर सोडलं होतं.

आम्ही आठजण टाइप करायचो आणि रोकडे सिस्टर सगळ्यांचं तपासायच्या. त्या आणे गावच्या. नोकरीची वर्षं सगळी सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून गेलेली. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून एस.टी.नं मंचरला येत. इंग्रजी बोलायची वेळ आली तर त्या हसून वेळ मारून नेत, पण शरीराचं इंग्रजी त्यांना असं यायचं, जसं आपल्याला आपल्या गल्लीतल्या घरांची नावं येतात.

माझी त्यांची खरी ओळख एका पायावरून झाली. आमच्या धंद्यात 'नॉर्मल' नावाची एक सोय असते. काही डॉक्टर प्रत्येक पेशंटबद्दल तेच तेच बोलतात: छाती साफ, पोट मऊ, दोन्ही पावलांत नाडी उत्तम. मग आपण तो मजकूर एकदा टाइप करून ठेवायचा आणि तो डॉक्टर आला की न ऐकता चिकटवून टाकायचा. मी या सोयीचा भक्त होतो. दिवसाला सगळ्यांत जास्त फायली माझ्या निघत आणि सर मला 'वाघ' म्हणत. एका दुपारी सिस्टर माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

"वाघोबा, या पेशंटला पाय किती?"

"दोन," मी म्हणालो. माणसाला असतात तेवढे.

"वरच्या परिच्छेदात तूच लिवलंयस, डावा पाय गुडघ्यापासनं कापलेला. आन खालच्या परिच्छेदात तूच त्याच्या डाव्या पावलाची नाडी बघतोयस. कुटं बघितलीस? कचऱ्याच्या डब्यात?"

सगळी माडी हसली. खाली कांदे निवडणाऱ्या बायकाही हसल्या असाव्यात, कारण सिस्टरचा आवाज तेवढा होता. मी तोंड लपवायला कीबोर्डवर वाकलो, तशी त्यांनी माझ्या शेजारी स्टूल ओढला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ. ऐकलं नसशील तर लिवू नको. ऐकू आलं नसंल तरी लिवू नको. जागा मोकळी सोड. मोकळी जागा दिसली की डॉक्टर इचारतो, हितं काय व्हतं? भरलेल्या जागंला कोन इचारतंय?"

हे त्यांचं रोजचं वाक्य. तसा नियमही होताच: ऐकू न आलेल्या ठिकाणी रेघ ओढायची आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवायचे; त्याला 'ब्लँक' म्हणायचं. पण आम्ही बाकीचे ती रेघ लाजेनं ओढायचो, नापास झाल्यासारखी. सिस्टर ओढायच्या ती सही केल्यासारखी. तिकडं डॉक्टरच्या खिडकीखालून ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि डॉक्टर त्याच वेळी पुटपुटला, तर त्या तीन वेळा ऐकत, चौथ्यांदा ऐकत आणि मग शांतपणे रेघ ओढून पुढं जात.

एकदा मी विचारलं, ही सवय कुठून लागली? म्हणाल्या, "उपकेंद्रात व्हते तवाची. एक बाई आली, दिवस भरत आलेली. पोटाला नळी लावली. बाळाचा ठोका काय घावंना. रजिस्टरात रकाना असतोय, तितं आकडा लिवायचा. बाकीच्या नर्सा अंदाजानं लिवायच्या. मी मोकळा ठिवला आन बाईला जीपमदी घालून जुन्नरला धाडली."

"मग?" मी पुढं सरकलो. बाळ वाचलं, बाई वाचली, सिस्टरचा सत्कार झाला, असं काहीतरी मला हवं होतं.

"मग काय? काय सुदिक झालं नव्हतं. चांगली ठणठणीत पोरगी झाली. जीपवाला माज्या नावानं खडे फोडत माघारी आला. साहेबानं रकाना मोकळा म्हनून झापलं ती गोष्ट येगळी."

"म्हणजे तुमचं चुकलं होतं?"

"चुकलं कसं? ऐकू आलं नव्हतं म्हनून लिवलं नव्हतं."

यातून काय बोध घ्यायचा हे मला तेव्हाही कळलं नाही.

तीन-चार वर्षांनी मशीन आलं. मशीन म्हणजे दिसायला काहीच नाही, एक सॉफ्टवेअर. डॉक्टरचं बोलणं त्याला ऐकवलं की ते आपोआप टाइप करून देई. सुरुवातीला आम्ही पोट धरून हसलो, इतका कचरा यायचा. सहा महिन्यांत हसू कमी झालं. वर्षभरात मी हसायचं बंद केलं, कारण मशीनचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं झालं होतं. आता आम्ही टाइप करायचं नव्हतं. मशीननं लिहिलेलं वाचत वाचत ऐकायचं आणि चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. आणि या मशीनचा एक गुण असा, की ते जागा कधीच मोकळी सोडत नसे. ट्रक जाऊ दे, डॉक्टर खोकू दे, ते काहीतरी लिहीतच असे. तेही इतकं गुळगुळीत, की शंका घ्यायची आपल्यालाच लाज वाटावी.

एके दिवशी निघोट सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सुनील, आठ माणसं आता नाही परवडत. तिघांना ठेवतोय. त्यात तू आहेस." मी खुर्चीवर नीट बसलो. "प्रश्न रोकडे सिस्टरचा आहे. मशीन एक जागा सोडत नाही आणि त्यांच्या एकेका फायलीत पाच-सहा ब्लँक. आता हे मशीन थापा मारतंय की त्यांचा कान गेलाय? हे त्यांचे चाळीस ब्लँक. ऐक आणि प्रत्येकापुढं लिही, ऐकू येतं का येत नाही. ऐकू येत असेल तर त्यांना कसं ठेवणार?"

मी हेडफोन लावून बसलो. पहिला ब्लँक ऐकला. नुसती घरघर. पुन्हा ऐकला. घरघर आणि ट्रक. मग मी मशीनच्या कागदावर तिथं काय लिहिलंय ते बघितलं आणि पुन्हा ऐकलं. अहो, स्वच्छ! घंटेसारखं स्वच्छ ऐकू आलं! कागद उलटा ठेवून ऐकलं, तरी स्वच्छ. आता एकदा वाचलेलं न वाचलेलं कसं करायचं?

माझ्या डोक्यात एक शास्त्रीय कल्पना आली. बेडकाचा अभ्यास केलेला माणूस मी. शेजारच्या खुर्चीवरच्या अनिताला मी तीच जागा ऐकवली, पण तिच्या हातात कागद दिला तो भलत्याच फायलीचा. ती म्हणाली, "येतंय की ऐकू! कागदावर आहे तेच बोलतोय." म्हणजे मशीननं काहीही लिहिलं असतं तरी आम्हाला तेच ऐकू आलं असतं. किंवा मशीननं बरोबरच लिहिलं होतं आणि अनिताचं लक्ष नव्हतं. किंवा सिस्टरचा कान खरंच गेला होता आणि माझाही जात होता. दोन दिवस मी त्या चाळीस जागा ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी मला वखारीतल्या बायका इंग्रजीत बोलताना ऐकू येऊ लागल्या.

शेवटी एकतीस जागांपुढं मी 'ऐकू येतं' लिहिलं. अनिताचा प्रयोग सरांना सांगितला नाही. का, ते विचारू नका. आपली खुर्ची राहिलीय या आनंदात लिहिलं, की गोंधळलो होतो म्हणून लिहिलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालंय.

सिस्टरच्या शेवटच्या दिवशी मी त्यांची पिशवी धरून मंचरच्या स्टँडवर सोडायला गेलो. आळेफाट्याची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवता ठेवता त्या वळल्या.

"सुनील, ते ब्लँक तू ऐकलेस म्हनं."

"हो."

"कागद बघून ऐकलेस का न बघता?"

बाईंना एवढ्यातच सगळं कळलं होतं. मला दोन दिवस लागले होते. मी म्हणालो, "न बघता."

"आन ऐकू आलं?"

"आलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. "मग माजाच कान गेला म्हनायचा. बरं झालं सांगितलंस. उगं मशीनला शिव्या देत बसले असते." आणि गाडीत चढून खिडकीजवळ बसल्या. मला हात केला तोही हसून.

पुढं मशीन आणखी शहाणं झालं, आमच्याच दुरुस्त्या गिळून. दीड वर्षात तिघांचंही काम उरलं नाही. केंद्र बंद झालं आणि मी मेहुण्याच्या खताच्या दुकानात बसू लागलो. तिथं एकदा आण्याचा एक शेतकरी युरियाला आला. मी सिस्टरची चौकशी केली.

"बऱ्या हायेत," तो म्हणाला. "पन आता कुनाला हात लावत न्हाईत. गावात नवा दवाखाना झाला, डॉक्टर सोता घरी गेला व्हता, सिस्टर बीपी बघायला तरी बसा म्हनून. न्हाई म्हनाल्या. आमची म्हातारी बी जायची त्यांच्याकडं. तिला बी माघारी लावलं. माजा कान गेलाय म्हनत्यात. आमच्याशी तर चांगलं बोलत्यात राव, हळू बोललं तरी ऐकू येतंय."

मी त्याला युरियाऐवजी सुपर फॉस्फेटची गोणी दिली. तो परत आला, भांडला, बदलून घेऊन गेला. मी दुकान मेहुण्याच्या गळ्यात टाकलं आणि मोटरसायकल काढली.

आणे घाट चढून पठारावर पोचलो तेव्हा दुपार होती. सिस्टर ओसरीत हुलगे निवडत बसल्या होत्या. मागं फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी नर्सिंगच्या वेळचा फोटो. मला बघून म्हणाल्या, "या वाघोबा." मी पाणीही प्यायलो नाही.

"सिस्टर, मी कागद बघून ऐकलं होतं."

"काय?"

"ते ब्लँक. आधी न बघता ऐकले तेव्हा मला घरघरीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं."

त्यांचा हात सुपात थांबला. "चाळीसच्या चाळीस?"

"ते नीट सांगता येत नाही. पण स्टँडवर मी खोटं बोललो."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग शांतपणे, पेशंटला रोगाचं नाव सांगावं तसं म्हणाल्या, "लई हलकट हायेस रं तू."

"हो."

"दोन वरसं. दोन वरसं मी बायांना दारातनं माघारी लावतीये. शेजारची कांता पोटुशी व्हती, तिला लावलं माघारी. माज्या कानाचा मलाच इस्वास नाय म्हनून. तुला गाडी सुटायच्या आदी तोंड नव्हतं?"

"नव्हतं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता काठी येतेय. आल्या त्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं बीपीचं यंत्र घेऊन, जुनं, पाऱ्याचं. "हात आन."

दंडाला पट्टा आवळला. नळ्या कानात घातल्या. "बोलू नको."

"मी कुठं बोलतोय?"

"श्वास बी गाढवासारखा घेतोस."

त्यांनी डोळे मिटले. पारा वर गेला, खाली आला. पुन्हा फुगवला. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत थांबल्या आणि मग तिसऱ्यांदा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणता काही कळेना. माझ्या छातीतले ठोके मला स्वतःला इतके मोठ्यानं ऐकू येत होते, की ते आळेफाट्यापर्यंत जात असावेत.

"दीडशे-शंभर," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं काही विचारलं नाही. "मीठ कमी कर. पापड बंद, लोनचं बंद," असं म्हणत त्यांनी पट्टा सोडवला, दारात गेल्या आणि शेजारच्या घराकडं तोंड करून जुन्या आवाजात ओरडल्या, "ए कांता! पोराला घिऊन ये गं हितं. तुजं बीपी बघती!"

महिन्याभरानं त्या दवाखान्यात बसू लागल्या, असं त्याच युरियावाल्याकडून कळलं.

माझं बीपी त्या दिवशी खरंच तेवढं होतं, का घाटातून गाडी हाणत आल्यानं आणि शिव्या खाल्ल्यानं चढलं होतं, का सिस्टरचा कान खरंच गेलेला होता, मला सांगता येत नाही. आमच्या दुकानाशेजारी मेडिकल आहे. तिथं बटण दाबलं की मिनिटात आकडा दाखवणारं यंत्र आहे. मेडिकलवाला मला रोज म्हणतो, "या सुनीलशेठ, बघून घ्या, फुकट आहे." मी अजून गेलेलो नाही. घरी पंगतीला बसलो की बायको पापड पुढं करते, आणि मी ताटावर हात आडवा धरतो.