दुसऱ्या मजल्यावरचं दार

गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली. आता लोक ती बघायला तिकीट काढतात. मावशी त्यांना हिंडवते. ही चिमणी, हे घड्याळ, हा रंगखात्याचा हौद. याच्या पाण्यानं नदी कधी निळी वाहायची, कधी लाल. एकतीस वर्षं तिनं इथे माग चालवला. डावा कान गेला, उजवा वाटेवर आहे. बोलते मात्र अशी, की चिमणीवरची कबुतरं उडावीत.

दुसऱ्या मजल्यावर ती एक दार दाखवायची. बायका बाहेर रेंगाळतात म्हणून ते पाळीभर कुलूपबंद असे. आग लागली त्या दिवशीही होतं. मावशीची धाकटी बहीण आत होती.

नव्या व्यवस्थापकानं त्या दारापुढे विकायच्या कपबश्यांचं कपाट उभं केलं.

"मावशी, लोक सुट्टी घालवायला येतात. त्या दाराबद्दल तोंडातून आवाज काढायचा नाही."

मावशीनं त्याच्या ओठांवरून सगळं नीट वाचलं. "आणि निघाला तर?"

"उद्यापासून घरी आराम करा."

"आराम मला सोसत नाही हो."

त्या सकाळी बघ्यांमध्ये ठेंगी होती. मावशीच्या शेजारच्या मागावर अठरा वर्षं काढलेली, कान तिचेही गेलेले. नातवंडांना घेऊन आली होती. दुसऱ्या मजल्यावर मावशीनं नेहमीसारखा माग सुरू केला. अर्ध्या मिनिटात तो बंद करायचा असतो. तिनं केला नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत राहिला, जमीन हादरू लागली. मावशी ठेंगीसमोर उभी राहिली आणि नुसते ओठ हलवू लागली.

गिरणीत सगळे असंच बोलत. भांडणं, सोयरिकी, चहाड्या, सगळं ओठांवर.

"आजी, त्या काय म्हणतायत?"

ठेंगी गिरणीतल्या जुन्या आवाजात ओरडून सांगू लागली, "म्हणते, दार बंद होतं! सात जणी होत्या आत!"

"बंद करा तो माग!" व्यवस्थापक धावत आला. मावशीनं त्याच्या ओठांकडे न बघता आपल्या कानाकडे बोट दाखवलं.

शेवटी त्यानंच बटण दाबलं. माग थांबला. ठेंगीच्या ते ध्यानातच आलं नाही.

"किल्ली मुकादमाच्या खिशात! आणि मुकादम खाली जेवत होता!"

शांत झालेल्या दालनात ते वाक्य एकटंच घुमलं.

"मी आवाज काढला नाही, साहेब," मावशी म्हणाली.

"उद्यापासून—"

"कुठं आहे ते दार?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मावशीनं बाह्या वर सारल्या आणि कपाटाची एक बाजू धरली.

"उद्याचं उद्या बघू. आत्ता तिकडून धरा, नाहीतर कप फुटतील."