पंख्याखालची वीट

माझा आवाज मोठा. घरी नवरा म्हणायचा, "मला सांगून राहिलीस, का साऱ्या गल्लीला?" पण सेनगाव रोडवरच्या डाळमिलमध्ये याच आवाजानं मला मान मिळवून दिला होता.

पत्र्याच्या शेडात आम्ही वीसेक बाया तुरीची डाळ निवडायला बसायचो. मागच्या भिंतीला धूळ ओढणारा मोठा पंखा दिवसभर धडधडायचा. पत्रे थरथरायचे, हादरे बसल्या जागी कंबरेत शिरायचे. शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू जायचं नाही. मालकाला काही सांगायचं असलं की तो माझ्याकडे यायचा. मी दारातल्या जागेवरून एक आरोळी ठोकली की साऱ्या माना वर. चहा आला, पोती सरकवा, जीप लागली, सगळं माझ्या तोंडून. माझ्याशिवाय तिथं पान हलत नव्हतं, आणि मला ते भारी आवडायचं.

मग भिंतीला भेग दिसली आणि मालकानं हिंगोलीहून मिस्त्री आणला. त्यानं पात्यांवर चिकटलेला धुळीचा थर खरडला, पाती तोलून सारखी केली. पंखा आणि धूळ बाहेर नेणारा पत्र्याचा नळ यांच्यामध्ये जाड कापडाची बाही बसवली. पंख्याच्या लोखंडी बैठकीखाली चार बोटं जाडीचे रबरी ठोकळे दिले. जाताना बजावलं, "मावशी, बैठकीखाली काही अडकू देऊ नका. लोखंड आन् खालचं सिमेंट यांच्यात रबराबिगर दुसरं काही आलं, की धडधड परत आलीच समजा." बाकीच्या ऐकून विसरल्या. मी नाही विसरले.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर नुसतं सूं. मी सवयीनं ओरडले, "चहा आलाऽ!" समोरचीनं कानांवर हात ठेवले. "अक्का, हळू की! आमी काय बहिऱ्या हाव का?" साऱ्या खिदळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि तेव्हा ती बोलायला लागली. साखरा गावाहून जीपनं येणारी, माझ्याहून लहान, बारीक आवाजाची. आजवर मी तिला घुमी समजत होते. तिचं बोलणं पंख्यानं दाबून ठेवलं होतं, हे आता कळलं. काय सांगायची हो! घरातलंच साधं काहीतरी, पण ऐन वेळी अशी थांबायची, की बायांच्या हातातली डाळ हातातच राहायची. आठ दिवसांत साऱ्यांनी आपापली पोती तिच्याभोवती सरकवली. दारात मी एकटी. मला हेवा वाटला, सरळच सांगते. मनात म्हणायचे, एवढं काय हाय तिच्यात? मी तोंड फिरवून बसायचे, कान मात्र तिकडेच.

त्या दिवशी ती म्हशीचं सांगत होती. सासूनं जिवापाड जपलेली म्हैस सासऱ्यानं नणंदेला देऊन टाकली. नणंद लांब, औंढ्याच्या पलीकडे. सासूनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "तिसऱ्या दिवशी पहाटं सासू दार उघडती, तर..." तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. "जेवून सांगते," म्हणाली मेली, आणि उठली.

बाया भाकरी सोडून तेच विचारत राहिल्या. मला घास गिळवेना. पंखा बंद होता. मी मागं गेले, बाहेरची एक वीट उचलली, बैठकीखाली सारली आणि दगडानं ठोकून घट्ट बसवली.

पंखा सुरू झाला तशी शेड हादरायला लागली. कशी जिरली, म्हटलं. मालक धावत आला. "काहून वाजून राहिलाय पुन्हा? मिस्त्रीला बोलावतो उद्या. तोवर असंच काम चालू ठेवा म्हणून सांगा बायांना." मी ठणकावून सांगितलं. माझं राज्य परत आलं होतं.

पण तिकडं तिचे ओठ हलत होते. बायांनी तिच्या तोंडाशी डोकी नेली आणि एकदम हसत सुटल्या. एक तर पदरानं डोळे पुसत होती. सासूच्या दारात काय होतं, ते साऱ्यांना कळलं. मी तेवढी राहिले. आणि विचारू कोणत्या तोंडानं? आठ दिवस तर न ऐकल्याचं सोंग केलं होतं.

दुपारभर मी खडे डाळीत आणि डाळ खड्यांत टाकली. चहाला पंखा बंद झाला, तशी पळत मागं गेले आणि वीट ओढून काढली. परतेस्तोवर पंखा सुरू झाला. पुन्हा नुसतं सूं. मी तडक तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. हळूच विचारायचं ठरवलं होतं, पण माझं हळू ते काय!

"दारात काय होतं गं?"

साऱ्या माना वर झाल्या. मालकानंही मान वळवली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली माझ्या हाताकडं. मीही पाहिलं. वीट हातातच होती.

आता ही साऱ्यांना सांगणार. तिचा आवाज आता कोपऱ्यापर्यंत पोचत होता.

तिनं आपलं पोतं थोडं बाजूला ओढलं.

"अक्का, ठेवा ती खाली," ती म्हणाली, "आन् बसा तिच्यावर. पहिल्यापासून सांगते."