तसेच, एक कंगवा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीपलीकडे, एक जाळीची खिडकी आहे. रुग्णाच्या अंगावरच्या वस्तू तिथे पाकिटात जमा होतात आणि त्यांची यादी होते: घड्याळ, अंगठी, चष्मा, कवळी. त्या खिडकीमागे एकतीस वर्षं एकच बाई बसते आणि मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला खिडकीवाल्या ताई म्हणतात. ताई तोंडाने फटकळ, पण एखाद्या म्हाताऱ्याची हरवलेली कवळी शोधायला तीन मजले चढतील. त्यांनी एकच गोष्ट आयुष्यभर कुणाला सांगितली नव्हती, आणि त्या गुरुवारी तीच अंगाशी आली.

काम शिकवलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे तेव्हाचे भांडारपाल, जुन्या कागदपत्रांचं वेड असलेला माणूस. पहिल्या दिवशी ताईंनी यादीच्या प्रत्येक ओळीआधी ‘आयटम’ लिहिलं, तर अण्णांनी पहिल्या ओळीतला शब्द खोडून टाकला.

“पहिली वस्तू आयटम नसते, पोरी. हा शब्द मुळात लॅटिन. अर्थ, ‘तसेच’. जुने लोक मृत्युपत्रात लिहून ठेवायचे, घर थोरल्याला. तसेच, पलंग बायकोला. तसेच, गाय धाकट्याला. दर ओळीच्या तोंडाशी तोच शब्द. वाचणाऱ्यांना वाटलं, वस्तूचंच ते नाव. आता काय, हॉटेलात आयटम, सिनेमात आयटम, आणि आपला मुकादम तर स्वतःच एक आयटम आहे!”

ताई खो खो हसल्या. अण्णाही हसले, आणि खुर्चीतून उठता उठता म्हणाले, “ज्याच्याकडे एकच वस्तू, त्याच्या यादीत ‘तसेच’ येतच नाही. तिथेच संपलं.”

सहज बोलून गेले बिचारे. पण सातव्या वर्षी ताईंच्याच नवऱ्याला कारखान्यातून उचलून आणलं आणि पाकिटात निघालं फक्त मनगटी घड्याळ. यादी ताईंनीच लिहिली. मागे रांग उभी होती. एक ओळ, खाली सगळा कोरा कागद. तिसऱ्या दिवशी घड्याळ चालू होतं, माणूस नव्हता. त्या वर्षात एका ओळीचे आणखी तिघे गेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे ताईंनाही कळत होतं. एकाच वस्तूनिशी येऊन धडधाकट घरी गेलेले लोकही होतेच की. पण भीती अशांना मोजत नाही.

तेव्हापासून ताई अशा माणसाला दुसरी ओळ देऊ लागल्या. टेबलाच्या खणात त्यांनी किडूकमिडूक जमवून ठेवलं: बटणं, रुमाल, कंगवे. त्यातलं एक पाकिटात टाकायचं आणि यादीत लिहायचं. बरा झालेला माणूस म्हणायचा, “हे माझं नाही हो.” ताई म्हणायच्या, “चुकून आलं असेल, द्या इकडे.” कुणाचं काय बिघडत होतं? चोवीस वर्षं काहीच बिघडलं नाही.

मंगळवारी एका ट्रकने उडवलेला माणूस आला. बेशुद्ध, चेहऱ्याचा चेंदामेंदा, डोक्यापासून हनुवटीपर्यंत बँडेज. कपडे कापून पोलिसांच्या पोत्यात गेले. खिडकीवर आली फक्त सुताराची चपटी लाल पेन्सिल. ताईंनी ती लिहिली, खण उघडला, आणि खाली लिहिलं: ‘आयटम, कंगवा, काळा, एक.’

गुरुवारी दुपारी एक बाई खिडकीशी आली. साडीचा काठ चिखलाने वाळलेला, ओठ कोरडे.

“ताई, आमचे हे मंगळवारी कामावर गेले ते आलेच नाहीत. सुतार आहेत. हे चौथं इस्पितळ.”

नियम असा, की आधी वस्तू दाखवायच्या, ओळख पटली तरच वर पाठवायचं. सकाळीच वरच्या सिस्टरने सांगितलं होतं, तो माणूस संध्याकाळ बघेल असं वाटत नाही. ताईंनी पाकीट ट्रेमध्ये उलटं केलं.

बाईने पेन्सिल उचलली. टोक पटाशीने तासलेलं. “असंच तासतात हे,” ती पुटपुटली, “पण सगळेच सुतार असंच...” मग तिला कंगवा दिसला.

ती फिसकन हसली. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं.

“अहो, यांना पुरतं टक्कल आहे! लग्नातच माझ्या बहिणी चिडवायच्या. कंगवा कशाला बाळगतील हे? नाहीत हो हे. देव पावला!”

ताईंनी तोंड उघडलं. पेन्शनला सात महिने होते. रुग्णाच्या पाकिटात स्वतःची वस्तू घालणं म्हणजे काय, हे ताई स्वतःच नव्या कारकुनांना शिकवत आल्या होत्या. तोंड मिटलं. बाईने ‘ओळख पटली नाही’ यापुढे सही केली आणि झपाझप निघून गेली.

ताईंनी फोन उचलला. “सिस्टर, मंगळवारच्या माणसाला केस आहेत का डोक्यावर?”

“केस? टाके घालताना वस्तरासुद्धा लावावा लागला नाही. चकचकीत. का हो? कुणी आलंय का? आलं असेल तर आत्ताच पाठवा, ताई. श्वास फार मंदावलाय.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी उघडी टाकून ताई उठल्या. गुडघे कुरकुरत होते, चप्पल मध्येच निसटली, ती तिथेच राहिली. त्यांना नवऱ्याचं घड्याळ आठवत होतं. शेवटच्या तासाला निदान आपण त्यांचा हात धरून बसलो होतो, हेही आठवत होतं.

बाई फाटकाजवळच्या फळवाल्यापाशी उभी होती. दोन दिवसांनी तिला भूक लागली होती. एका हातात अर्धं सोललेलं केळं, दुसऱ्या हाताने फोन कानाला. “नाही गं, बाबा नव्हेत ते,” ती मुलीला सांगत होती, “रडू नकोस, येतील.”

ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती. त्यांनी मूठ उघडली.

“बाई, हा कंगवा माझा आहे. मी घातला होता त्यात.”

बाईने कंगव्याकडे पाहिलं, मग ताईंच्या पांढऱ्या केसांकडे. फोनमधून मुलगी आई, आई म्हणत होती. बाईने केळं हळूच पिशवीत ठेवलं.

“कितवा मजला?” तिने विचारलं.