कॉलरच्या आतली खूण

मी शिंपी आहे आणि तिरसट आहे. दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. शिरूर कासारच्या पुढे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. बाजारतळाला लागून माझं दुकान, त्यात दोन मशिनी, एक इस्त्री आणि बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून लोक जगाचा कारभार हाकतात आणि मी त्यांच्याकडे पाठ करून काजं करत बसतो.

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला उसतोडीला जातात. जाण्याआधी कपड्यांची नुसती झुंबड. एकाच ताग्यातले वीस-वीस शर्ट शिवायचे. मग तिकडे कारखान्याच्या तळावर ते एकाच दोरीवर वाळत पडले की कुणाचा कुठला ते कळत नाही, आणि त्यावरून डोकी फुटायची वेळ येते. माझ्या वडिलांनी यावर एक पद्धत काढली होती, तीच मी पुढे चालवली. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण. कॉलरच्या आत, पट्टीखाली, रंगीत दोऱ्याच्या गाठी. कुणाच्या दोन लाल, कुणाची एक निळी. मापाच्या वहीत मापाशेजारी ती खूण काढून ठेवायची. माणूस वारला की तिच्यावर आडवी रेघ मारायची, आणि ती खूण पुन्हा कुणाला द्यायची नाही. यात शास्त्रबिस्त्र काही नाही. वडील करायचे म्हणून मी करतो.

आमच्या ठाण्यातल्या जमादारांनाही खूण होती. खाकीच्या कॉलरमध्ये एक पांढरी गाठ. ते रोज सकाळी माझ्या बाकड्यावर चहा प्यायचे आणि न चुकता माझी खोडी काढायचे.

“मला कावून खूण टाकतो बे? माझी वर्दी कोन पळवून नेणार हाय?”

“ठाण्यात एका खिळ्याला चार वर्द्या लटकत्यात, जमादार. उद्या दुसऱ्याची घालून गेलात तर पोटावरची बटनं तुटायची, आन नाव माझं खराब व्हायचं.”

ते पोट धरून हसायचे. पोट होतंच तेवढं. मला फारशी माणसं आवडत नाहीत, पण हा माणूस मला आवडायचा. भांडणं ठाण्याच्या पायरीपर्यंत येण्याआधी माझ्या बाकड्यावरच मिटवून टाकायचे.

साडेतीन वर्षांपूर्वी एका बाजारच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, बाजारतळामागच्या बाभळीत त्यांना मारलं. कुणाच्या तरी शेळ्या चोरून नेणारी गाडी त्यांनी अडवली होती. डोक्यात घाव घातला होता. गावात चूल पेटली नाही त्या दिवशी. मी दुकान बंद करून आत बसलो आणि बायकोला दिसेल असा रडलो.

दुसऱ्या दिवशी पोलीस दारात आले. पंच पाहिजेत म्हणाले. जप्ती करताना समोर उभं राहायचं, पाहायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच पंचाचं काम. मी आणि समोरचा किराणावाला, दोघे गेलो. दोघांना रात्रीच धरलं होतं, तिसऱ्याला आमच्यासमोर धरलं. त्या तिसऱ्याच्या अंगणात दोरीवर एक शर्ट होता, बाहीवर रक्ताचे डाग असलेला. तो शर्ट काढताना कॉलर उलटली आणि मला आत तीन हिरव्या गाठी दिसल्या. माझंच शिवण. लोक ओरडत होते, बायका शिव्या घालत होत्या, जमादारांच्या चितेचा जाळ अजून विझला नव्हता. “आरोपीचा शर्ट” असं कागदावर लिहिलं आणि मी सही केली. हिरव्या गाठी कुणाच्या, हे वहीत बघावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. चाळीस वर्षं खुणा टाकणारा माणूस मी, आणि ज्या दिवशी खूण वाचायची होती त्या दिवशी वाचली नाही.

वाचली ती वर्षभरानं. तिसऱ्याची बायको दुकानात आली. उसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात; नवरा तुरुंगात, त्यामुळे जोडी मोडलेली. भावाच्या टोळीत ती अर्धा कोयता म्हणून जात होती, म्हणजे काम तेवढंच आणि मान निम्मा. उसाचं पातं अंगाला कापू नये म्हणून आमच्याकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तसलाच एक शर्ट घेऊन ती आली होती.

“भाऊ, बाही उसवली. यंदा बी हाच घालावा लागतोय.”

मी कॉलर उलटली. आत एक निळी गाठ होती. हिरवी नव्हती.

ती गेल्यावर मी वही काढली. तीन हिरव्या गाठी पहिल्या आरोपीच्या होत्या. आडदांड माणूस, छाती बेचाळीस. तिसऱ्याची छाती चौतीस. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती आणि अंगणात दोन्ही घरांची दोरी एकच होती. पोलिसांनी दोरीवरचा शर्ट उचलला आणि ज्या दारासमोर तो होता, त्या घराच्या माणसाला धरलं. त्यांची चूक साधी होती. माझी साधी नव्हती, कारण माझ्याजवळ वही होती.

मी किराणावाल्याला सांगितलं. तो गुळाची ढेप फोडत होता, हात थांबवून म्हणाला, “सही केली ना? मंग गप बस. जमादाराच्या बाजूनं सही केली, आता फिरलास तर गाव तुला फितूर म्हनंल.”

आणि मी गप्प बसलो. माझ्या तिरसटपणाचा गावात मोठा बोलबाला आहे, पण त्या दोन वर्षांत मी घाबरट होतो, हे इथे लिहून ठेवतो. तिसऱ्याची बायको दर दिवाळीला तोच शर्ट घेऊन यायची आणि मी पैसे न घेता तो शिवून द्यायचो. तिला वाटायचं, भाऊ मायाळू आहेत. माझा चेहरा मात्र तिच्याकडे बघताना उतरलेला असायचा.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा गावाला जोर चढला. बाकडं भरलेलं. “चांगली सांगा साक्ष, तिघं बी लटकले पायजेत.” कुणी मला चहा पाजला, कुणी बीडला जायला मोटारसायकल देऊ केली. इतकं प्रेम मला लग्नातही मिळालं नव्हतं. बायकोला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “अहो, वही पिशवीत ठेवली का? इसराल.”

कोर्टात गर्दी होती. आमच्याच गावचे तीस-चाळीस जण आले होते. पुढच्या बाकावर जमादारांची बायको, शेजारी मुलगी. मला बघून वहिनींनी हात जोडले. मी वहीची पिशवी छातीशी धरली.

मुद्देमालाचं सील फोडलं. सरकारी वकिलांनी विचारलं, ही सही तुमची का? माझी. हाच शर्ट तुमच्यासमोर जप्त केला का? हाच. ते खाली बसायच्या बेतात होते.

मी तिसऱ्याकडे मान करून म्हणालो, “पण साहेब, हा शर्ट याचा नाही.”

मागून एकदम गलका झाला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “फितूर झाला!” शिपायानं दटावलं. सरकारी वकिलांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या स्वतःच्या शर्टाचं बटण भर कोर्टात तुटलं. जजसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “कशावरून?”

मी कॉलर उलटवून गाठी दाखवल्या. वही काढली. जजसाहेबांनी तिसऱ्याला पुढे बोलावलं आणि शर्ट अंगाला लावून बघायला सांगितलं. शर्टाचे खांदे त्याच्या दंडापर्यंत आले. तो माझ्याकडे असा बघत होता, की ते मी अजून विसरलो नाही. जजसाहेबांनी विचारलं, “मग हा कुणाचा?” मी बोट पहिल्याकडे केलं. पहिल्याचा वकील माझ्यावर तुटून पडला. तुमचं आणि माझ्या अशिलाचं वैर आहे का, शिलाईवरून भांडण झालं होतं का, आधी का नाही सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, “घाबरलो होतो.”

बाहेर आलो तेव्हा वहिनी माझ्याकडे न बघता निघून गेल्या होत्या. एस.टी.त शेजारची जागा रिकामी राहिली, लोक उभे राहिले पण बसले नाहीत. मी गावात पोचायच्या आधी बातमी मोबाइलवरून पोचली होती, आणि तीही निम्मीच: शिंपी फितूर झाला, आरोपीला वाचवलं. बोट पहिल्याकडे दाखवलं हे कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. “किती घेतले?” असं एकानं बाकड्यावरून विचारलं. मी त्याच्या अंगावर कात्री घेऊन धावलो, बायकोनं मागून सदरा धरला म्हणून तो वाचला, आणि मीही. मग लोक एक-एक करून आपलं न बेतलेलं कापड परत घेऊन गेले. किराणावाल्यानं तर पॅन्टचं कापड परत नेताना शिवून ठेवलेल्या पॅन्टची इस्त्रीची घडीही मुद्दाम विस्कटली. बाकडं रिकामं झालं. कधी नव्हे ती शांतता मिळाली आणि ती मला खायला उठली.

नऊ दिवस असे गेले. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको: काही महिन्यांनी निकाल लागला, पहिल्या दोघांना जन्मठेप झाली आणि तिसरा सुटला. गावानं तेव्हा पेढे वाटले, आणि जे मला फितूर म्हणत होते तेच “आमच्या शिंप्यानं केस फिरवली” म्हणून छाती फुगवत फिरले. मी त्यांना काही बोललो नाही. म्हणजे, थोडंसं बोललो. पण माझा जीव भांड्यात पडला तो निकालाच्या दिवशी नाही. तो त्या दहाव्या दिवशी.

दहाव्या दिवशी सकाळी जमादारांची मुलगी दुकानात आली. वडिलांच्या जागी तिला अनुकंपेवर घेतलं होतं, ट्रेनिंग संपवून ती नुकतीच रुजू होणार होती. हातात खाकी कापडाची पिशवी. बाजारतळावर भाजी घेणारी माणसं थबकून बघायला लागली. किराणावाला तराजू हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, ही आता चार लोकांत तोंडावर थुंकणार, आणि मी ते पुसणारही नाही.

“काका, वर्दी शिवायची हाय,” ती म्हणाली. “आईनं पाठवलंय.”

आतून बायको आली.

“आई त्या दिवशी कोर्टातून उठून आली ती तुमच्यावर रागावून न्हाई,” मुलगी म्हणाली. “तिला भरून आलं होतं. घरी येऊन म्हनली, तुझ्या बापाच्या नावानं एका गरिबाला आत ठेवलं असतं, तर मला जेवन गेलं नसतं. तीन वर्षांत पयल्यांदा निवांत झोपली ती.” मग म्हणाली, “मी बी, काका.”

मी मान खाली घालून टेप शोधत होतो. टेप माझ्या गळ्यातच होती. बायकोनं ती काढून घेतली, मुलीचं माप घेतलं आणि एक-एक आकडा मला सांगितला. मी वहीत लिहीत गेलो. आकडे नीट दिसत नव्हते, दोनदा खोडावे लागले. मोठ्यानं सांगतो, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. इतक्या दिवसांचं ओझं कुणीतरी पाठीवरून उतरवून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

“खूण कोनती देऊ?” मी विचारलं. “पिवळी देतो. पिवळ्या दोन रिकाम्या हायेत.”

“न्हाई,” ती म्हणाली. “बाबांची होती तीच टाका.”

“ती बंद केली पोरी. माणूस गेला की मी ती दुसऱ्याला देत नाही.”

“मी दुसरी हाय का?”

मी वहीची मागची पानं उलटली. जमादारांचं पान सापडलं. छाती, पोट, बाही, आणि शेजारी एक पांढरी गाठ, तिच्यावर माझ्याच हातची आडवी रेघ. मी रबर मागितलं. बायकोनं ते आधीच हातात धरलं होतं. रेघ पुसली, पूर्ण पुसली गेली नाही, तिचा फिकट ओरखडा राहिलाच. त्याच्याखाली मी मुलीचं नाव लिहिलं.

बाहेर किराणावाल्यानं तराजू खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचं पॅन्टचं कापड परत आलं, बरोबर पावशेर गूळ. मी गूळ ठेवून घेतला आणि त्याला सांगितलं, पॅन्ट पंधरा दिवसांनी मिळेल. आधी वर्दी.