सुपारी फुटेपर्यंत

सुकलालचं पोट फार आगाऊ. सुरतेजवळ बमरोलीच्या लूम कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या आधीच ते पिळायला लागायचं. मशीन चालू, धागा तुटलेला आणि हा बाबा संडासात! शेठ सगळ्यांदेखत खेकसायचा. बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सगळ्या तपासण्या झाल्या, आतडं धडधाकट निघालं. डॉक्टरांनी त्याला आणि बायकोला, प्रमिलाबाईला, समोर बसवलं. "दुखणं खोटं नाही. मेंदू आणि आतडं सारखे एकमेकांना निरोप धाडत असतात. त्याला सिरोटोनिन नावाचं रसायन लागतं, आणि ते बहुतेक आतड्यातच असतं. वर धास्ती बसली की खाली कळ, कळ आली की पुन्हा धास्ती. या बारीक गोळीनं फरक पडेल. मनानं बंद करू नका."

प्रमिलाबाईच्या डोक्यावरून गेलं सगळं. पण गोळी लागू पडली. सुकलाल डबा संपवू लागला, कामावर टिकू लागला. घरात जरा हसूही ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात दोंडाईच्याचं स्थळ चालून आलं. लेकीला, गायत्रीला, मुलगा आवडला, सुपारी फोडायचा दिवस ठरला. आणि नेमका त्याच आठवड्यात गोळ्या देताना मेडिकलवाला म्हणाला, "बेन, आ तो मगजनी दवा छे."

मगजाची! प्रमिलाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. पोरीचा बाप येडा, असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? तिनं गोळ्या मोरीत सोडल्या. नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टर म्हणे, आता बास." शेजारच्या शोभाबाईला बोलावून त्याची सरकलेली बेंबी बसवून घेतली. दोन दिवस बरे गेले. मग सुकलालचं ताट तसंच उरायला लागलं. तिनं ते पाहिलं आणि मुकाट्यानं उचलून ठेवलं.

सुपारीच्या दिवशी पाहुणे सतरंजीवर बसले. सुरतेत प्लेग येऊन वर्षच झालेलं. मुलाचे काका पाण्याचा पेलाही निरखूनच तोंडाला लावत होते. त्यांच्याकडे रीत कडक होती: सुपारी फुटेपर्यंत पोरीच्या बापानं जागचं हलायचं नाही. सुकलालच्या कपाळावर घाम डवरला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"पोटमा कळ येस वं," तो पुटपुटला.

"बसा हो, झालंच आता," ती डोळ्यांनीच विनवत होती.

काकांनी अडकित्ता उचलला आणि सुकलाल उठला. धोतर सावरत, माणसांच्या पायांवरून, चाळीच्या टोकाकडे पळत सुटला. अडकित्ता तसाच हवेत राहिला.

"काय रोग शे त्याले?" काकांनी विचारलं.

काय सांगणार? पोटाचा म्हणावं, तर प्लेगच्या सुरतेतलं दुखणं, ते साधं आहे यावर कोण विश्वास ठेवणार. पोट चांगलंय म्हणावं, तर मग बिघडलंय कुठं, डोक्यात? प्रमिलाबाईच्या बेंबीखाली असा पीळ पडला की तिला भिंत धरावी लागली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. नुसती भीती होती. डॉक्टर काय सांगत होते ते तिला आत्ता, या सतरंजीवर, कळलं.

"गोळी चालू होती त्यांची," ती कशीबशी म्हणाली. "मीच बंद केली."

"कसानी गोळी?"

तिची नजर मोरीकडे गेली. काकांनी सुपारी, न फुटलेली, परत खिशात घातली. बाहेर चपला सरकवल्याचे आवाज आले. आतल्या खोलीत गायत्री नव्या साडीत पोट आवळून खाली बसली होती.